पालातलं दूध

चेन्नईत आम्ही उतरलो तेव्हा आमच्याकडे घर नव्हतं, रांगेतला एक नंबर तेवढा होता. नवऱ्याची बदली चेन्नईलगतच्या आवडी नावाच्या गावातल्या कारखान्यात झाली होती आणि सरकारी क्वार्टर मिळायला अजून बरीच माणसं आमच्या पुढे होती. तोवर डोकं टेकायला जागा हवी म्हणून स्टेशनच्या पलीकडच्या एका गल्लीत वरचा मजला भाड्याने घेतला. तिकडे त्याला मजला म्हणत नाहीत, पोर्शन म्हणतात, आणि मला तो शब्द पहिल्या दिवसापासून पटला. घर नव्हतंच ते. घराचा तुकडा होता.

दोन खोल्या, एक अरुंद स्वयंपाकघर, बाहेरून चढणारा जिना आणि नळाला बोअरचं मचूळ पाणी. त्या पाण्यात डाळ शिजायची नाही आणि साबणाला फेस यायचा नाही. मी जात्याच तापट, त्यात तिथला उकाडा. सुरुवातीला तर मी त्या घराच्या भिंतींशीसुद्धा भांडत होते.

सामान लावायला अण्णा आले होते. अण्णा म्हणजे माझे वडील. मिरजेच्या बाजूला आमच्या घरी वडिलांना अण्णाच म्हणतात. तमिळमध्ये अण्णा म्हणजे थोरला भाऊ, हे आम्हाला कुठे ठाऊक होतं? मी जिन्यावरून "अण्णा, चहा" अशी हाक मारली की समोरच्या बायका आधी माझ्याकडे बघायच्या आणि मग अण्णांच्या पांढऱ्या मिशांकडे. या बहीणभावांत एवढं अंतर कसं काय पडलं, असा प्रश्न त्यांना नक्की पडत असणार. अण्णांना हे कळलं तेव्हा ते इतके खूश झाले की मुद्दाम दोनदा हाक मारायला लावायचे.

त्यांचा जन्म पाटबंधारे खात्यात गेला. कालव्याला पाणी कधी सुटणार, कुणाच्या शेताची पाळी कधी येणार, कुणी रात्रीतून दार फोडून पाणी चोरलं, हेच त्यांचं जग. आई गेल्यावर ते गावच्या घरात एकटे राहायचे. मी एकुलती एक. चला माझ्याकडे, असं कितीदा म्हटलं, पण अण्णांचा नियम ठरलेला होता. लेकीकडे पाहुणा म्हणून जावं, चार दिवस राहावं आणि जातानाच परतीचं तिकीट काढून जावं. जावई लाख चांगला असेल, पण जावयाच्या दारात म्हातारपण काढायचं नाही. पुण्याला आमच्याकडे यायचे तेव्हा कपडे पिशवीतच राहायचे. कपाटात मी एक कप्पा रिकामा करून द्यायचे, तो रिकामाच राहायचा. जेवतानाही तेच. स्वतःहून दुसऱ्यांदा काही मागायचे नाहीत. मी वाढलं तर "बास, बास" म्हणत घ्यायचे, माझं लक्ष नसलं तर गुपचूप हात धुवायचे. एकदा माझ्या नवऱ्याने न राहवून विचारलं, की अण्णा, आमचं काही चुकतं का? त्यावर अण्णा म्हणाले, चुकत नाही म्हणून तर चार दिवस राहतो.

चेन्नईला ते आले ते कारण काढून. नवऱ्याला लगेच कामावर हजर व्हायचं होतं, मुलगी लहान, सामान ट्रकने येणार. "सामान लावून देतो आन् फिरतो माघारी," असं भावकीत सांगून त्यांनी घराला कुलूप घातलं आणि किल्ली करदोट्याला बांधली.

ट्रक रिकामा होत होता तेवढ्यात खालून घरमालकीण वर आल्या. सारी गल्ली त्यांना मामी म्हणायची, पुढे आम्हीही म्हणू लागलो. सत्तरीच्या, ताठ बांध्याच्या, एका हातात घासून लख्ख केलेलं पितळेचं पातेलं आणि दुसऱ्या हातात दुधाची पिशवी. तमिळ ऐकून नुसती मान हलवायची अशी तयारी करून मी उभी होते, आणि त्या चक्क मराठीत बोलल्या. घराणं तंजावरचं. पूर्वज कधीकाळी महाराष्ट्रातून खाली उतरले ते तिथलेच झाले. मराठी घरात टिकली होती, पण जुन्या वळणाची आणि तमिळच्या सुरावर चालणारी.

"आधीं पाल काच्चायचं, मा," त्या म्हणाल्या. "मग सामान."

मी दचकून भिंतीकडे बघितलं. पालीचं आणि माझं वैर जुनं. मुलगी खोक्यावर चढली. अण्णांनी कोपऱ्यातली केरसुणी उचलली आणि शांतपणे विचारलं, "कुठाय?"

मामी आम्हा तिघांकडे बघत राहिल्या. मग त्यांनी दुधाची पिशवी वर करून दाखवली. पाल म्हणजे तमिळमध्ये दूध, आणि काच्चायचं म्हणजे तापवायचं. नव्या घरात पाऊल टाकलं, मग ते भाड्याचं का असेना, की पहिल्यांदा दूध तापवायचं, ते उतू जाऊ द्यायचं आणि मगच संसार आत आणायचा, अशी तिकडची रीत. आपल्याकडेही वास्तुशांतीला दूध उतू घालतात, पण ते आपल्या हक्काच्या घरात. या तुकड्यात कशाला?

मी सरळ नाही म्हणून टाकलं. दमले होते, ट्रकवाल्याशी नुकतंच भांडले होते, पण खरं कारण ते नव्हतं. दूध उतू गेलं की घर आपलं होतं, आणि मला इथलं काहीही आपलं करून घ्यायचं नव्हतं. मला परत जायचं होतं. पुण्याला नाही तर मिरजेला, जिथे दाराशी बोलायला ओळखीचं माणूस असतं अशा कुठल्याही ठिकाणी. मी म्हटलं, "मामी, आम्ही इथे राहायला नाही आलो."

"मग काय करावयास आलांत?" मामींनी विचारलं. त्यात राग नव्हता. त्यांना खरंच कळत नव्हतं.

माझ्या मदतीला अण्णा आले. केरसुणी भिंतीला टेकवून म्हणाले, "बाई, आमच्याकडं पाल म्हंजी तंबू. मेंढरंवाली, फिरस्ती मानसं गावाभाईर ठोकत्यात, त्ये. ह्ये बी आमचं पालच हाय. पालात कुनी दूध उतू घालत न्हाई."

मामींना यातलं किती समजलं देव जाणे. त्या "सरी" म्हणाल्या. सरी म्हणजे बरं, ठीक आहे. पण त्यांच्या तोंडून ते कधीकधी "बघून घेईन" असंही वाटायचं. त्या पातेलं घेऊन खाली गेल्या आणि थोड्या वेळाने त्याच दुधाची कॉफी करून वर घेऊन आल्या. भिंतीला खिळे ठोकायचे नाहीत, हेही त्यांनी तेव्हाच सांगून टाकलं. मी म्हटलं, त्याची काळजीच नको.

सामान लागलं म्हणजे निम्मंच लागलं. लागेल तेवढी भांडीकुंडी काढली आणि बाकीची खोकी चिकटपट्टीसकट भिंतीशी रचून ठेवली. त्यातल्याच दोन खोक्यांवर चादर टाकून मुलीचं अभ्यासाचं टेबल झालं. क्वार्टर मिळाल्यावर उघडू, असं मी प्रत्येक गोष्टीला म्हणायचे. पुरणाचं यंत्र, चांगले कप, आईचा फोटो, सगळं क्वार्टर मिळाल्यावर. संध्याकाळी नवरा जिना चढून आला की त्याने बूट काढायच्या आधी मी विचारायचे, क्वार्टरचं काय झालं? बिचारा बाहेरच एक क्षण थांबून श्वास घ्यायचा आणि मग आत यायचा.

एक दिवस मी अण्णांना विचारलं, तिकीट कधीचं काढू? ते पंख्याखाली बसून मुलीची सायकल दुरुस्त करत होते. वर न बघता म्हणाले, "ऱ्हातो की जरा. ह्ये काय तुझं घर न्हवं."

मी आधी दुखावलेच. मग त्या वाक्याचा दुसरा अर्थ हळूहळू डोक्यात शिरला आणि मी स्वयंपाकघरात जाऊन उगीचच डबे पुसत बसले. हे लेकीचं घर नव्हतं. जावयाचंही नव्हतं. हे कुणाचंच नव्हतं, आणि जे कुणाचंच नाही तिथे अण्णांना राहता येत होतं. गावाकडून कुणाचा फोन आला की मी आतून कान देऊन ऐकायचे. ते मोठ्या आवाजात सांगायचे, "आजून घर न्हाई मिळालं त्यास्नी. पालातच हैत. तवर हाय मी." मामींच्या तावडीतून मला सोडवायला जो शब्द त्यांनी वापरला होता, तोच आता त्यांच्या उपयोगी पडत होता.

तो शब्द त्यांच्या मनात कुठून आला तेही त्यांनी सांगितलं. लग्नानंतरची पहिली काही वर्षं त्यांची कालव्याच्या कामावर गेली. काम पुढे सरकेल तसा मुक्काम हलायचा. माळावर खात्याचे तंबू, त्यात आई आणि ते. आईने तिथे तीन दगडांवर चूल मांडली आणि वारा सुटला की ती कनातीला पाठ लावून बसायची, भाकरी भाजून होईपर्यंत. मी हे कधीच ऐकलं नव्हतं. माझ्या डोक्यातली आई गावच्या घराच्या उंबऱ्यावरच उभी असायची. अण्णा म्हणाले, "पुढं घर बांधलं, पर तुझी आई खुशीत म्हनशील तर पालात हुती." असं बोलून ते सायकलच्या साखळीला तेल घालू लागले. मला त्या दिवशी आईची इतकी आठवण आली की मी तिचा फोटो असलेलं खोकं शोधून काढलं, आणि मग उघडलंच नाही. क्वार्टर मिळाल्यावर उघडायचं ठरलं होतं ना.

अण्णा तिथे असे रुळले, की तसं मी त्यांना पुण्यात कधी पाहिलं नव्हतं. मला डिवचायचे, "गावाचं नाव आवडी, आन् तुला कायबी आवडंना." सकाळी मामी खाली दारात तांदळाच्या पिठाचं कोलम काढायच्या, तेव्हा अण्णा जिन्याच्या शेवटच्या पायरीवर बसलेले असायचे. मग टँकर यायचा, टाकी भरायची, आणि वरून सांडलेलं पाणी मागच्या अंगणात नुसतं पसरून चिखल व्हायचा. कालव्यावर जन्म काढलेल्या माणसाला हे कसं बघवणार? त्यांनी कुठून तरी एक फावडं मिळवलं आणि मामींच्या मागच्या अंगणात पाट काढले. एक केळीकडे, एक कढीपत्त्याकडे, एक नारळाकडे. प्रत्येक पाटाला विटेचं दार. आज केळीची पाळी, उद्या नारळाची. मामी पायऱ्यांवर उभं राहून बघायच्या आणि म्हणायच्या, "राव, झाडांस हिशेब कळतो कीं काय?" अण्णा सांगायचे, झाडाला कळतो, शेतकऱ्याला कळत नाही.

दोघांचं बोलणं ऐकायला मला मजा यायची. मामी "कोठें" म्हणायच्या, "जेवण जाहलें?" विचारायच्या, आणि वाक्याच्या शेवटी तो तमिळ हेल. अण्णांचं "हाय-न्हाई" त्यांना आधी समजायचं नाही. एकाच भाषेतली दोन माणसं, आणि दोघंही दुसऱ्याला थोडं हळू बोला म्हणायची. मामींची दोन्ही मुलं परदेशात, नातवंडं इंग्रजीतून फोन करणारी. मराठी बोलायला त्यांना आता घरात कुणी उरलं नव्हतं. नवरा होता तोवर दोघं मिळून बोलायचे, असं त्या म्हणाल्या होत्या.

एका गोष्टीने मात्र मला चटका लावला. मामींना आपलं मूळ गाव माहीत नव्हतं. महाराष्ट्र कधी पाहिला नव्हता. घरात कुणी कधी तरी सांगितलेलं एवढंच आठवत होतं, की गावाच्या नावात "वाडी" होतं आणि नदी होती. महाराष्ट्रात अशा वाड्या किती, हे त्यांना कोण सांगणार? अण्णांनी सांगितलं नाही. ते दुपारी पायरीवर बसून आपल्या कालव्यावरची गावं म्हणायचे, वरच्या अंगापासून शेपटापर्यंत, एकामागून एक, जशी पाण्याची पाळी लागायची तशी. मामी डोळे मिटून ऐकायच्या. मधेच एखाद्या नावाला हात वर करायच्या, "हें पुन्हां सांगा." अण्णा पुन्हा सांगायचे. मामी जरा वेळ विचार करायच्या आणि म्हणायच्या, "हें असेल." दुसऱ्या दिवशी त्यांना दुसरंच गाव आवडायचं. अण्णा त्यालाही असेल म्हणायचे.

वरून हे ऐकताना मला माझ्या माहेराची ओढ लागायची. घराच्या मागचं बोरीचं झाड, पाणी सुटलं की रात्री ऐकू येणारा कालव्याचा आवाज, माजघरातला थंडावा. दिवाळीच्या आधी तर जीव अगदी कासावीस झाला. बायका माहेरी निघाल्या की कारखान्याच्या कॉलनीतली मराठी मंडळी एकमेकींना विचारतात, तू कधी निघणार? मला एका बाईने विचारलं आणि मी फराळाचा विषय काढला. माझं माहेर खाली अंगणात केळीला पाणी देत होतं, आणि माहेराला कुलूप होतं. दोन्ही एका वेळी मिळत नव्हती. अण्णा इथे हवेत तर ते घर बंद राहणार, आणि ते घर उघडं हवं तर अण्णा तिथे एकटे. मी कशासाठी हळहळत होते ते माझं मलाच सांगता येत नव्हतं, पण हळहळत होते हे खरं.

तेव्हापासून कधीतरी मी नवऱ्याला क्वार्टरचं विचारणं बंद केलं. तो बूट काढायचा, मी चहा ठेवायचे, विषय निघायचा नाही. त्याच्याही ते लक्षात आलं असणार, कारण तोही काही बोलायचा नाही. मामी मात्र सोडणाऱ्यातल्या नव्हत्या. सणावाराला वर यायच्या, चुलीकडे बघायच्या आणि विचारायच्या, "अजून काच्चलें नाहीं ना?" मी नाही म्हणायचे. पहिल्यांदा नाही म्हटलं होतं तेव्हा मला जायचं होतं. आता नाही म्हणत होते ते थांबायचं होतं म्हणून. दूध तापवताना मी जागची हलायचे नाही. फोन वाजू दे, दार वाजू दे, मुलगी हाक मारू दे. एकदा साय फुगून अगदी काठाला आली तेव्हा मी चटका बसेल याची पर्वा न करता पातेलं नुसत्या पदराने उचललं होतं.

आणि मग एका संध्याकाळी नवरा हसत जिना चढला. क्वार्टर मिळालं होतं. दोन बेडरूम, तळमजला, पुढे बाग करायला जागा, पिण्याचं गोडं पाणी. ज्या बातमीसाठी मी त्याचं डोकं खाल्लं होतं ती ऐकून मी म्हटलं, पुढच्या यादीत नाही का घेता येणार? तो माझ्याकडे बघतच राहिला. मग त्याला कळलं, आणि तो पाणी प्यायला. सरकारी कामात असं होत नसतं, एवढंच म्हणाला.

अण्णांनी बातमी ऐकली आणि म्हणाले, "ब्येस झालं. आता मी मोकळा." दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी माझ्या नवऱ्याला मिरजेचं तिकीट काढायला सांगितलं. आम्ही घर हलवणार त्याच्या दुसऱ्या दिवसाचं.

मी रागावले. रडता येत नाही तेव्हा मी रागावते, हे अण्णांना माहीत आहे. मी विचारलं, लेकीच्या पालात राहिलेलं चालतं आणि लेकीच्या घरात का चालत नाही? ते बराच वेळ पाटाच्या विटा सारख्या करत राहिले. मग म्हणाले, "घराला मालक आसतो, बाळ. पालाला नसतो." मी म्हटलं, मालक तर सरकार आहे. ते हसले, पण बदलले नाहीत. मामींना त्यांनी पाळ्या समजावून सांगितल्या, आज कुठलं दार उघडायचं आणि उद्या कुठलं. मामी मान हलवत होत्या, पण बघत होत्या भलतीकडे. नंतर मला म्हणाल्या, त्या विटा आपल्याच्याने उचलवायच्या नाहीत. राव गेल्यावर पाणी जाईल तिकडे जाईल.

क्वार्टरमध्ये सामान उतरलं तेव्हा नव्या चुन्याचा वास येत होता. खोकी तीच, चिकटपट्टी तीच, फक्त आता ती उघडायची होती. आम्ही गॅस जोडला तोच बाहेर रिक्षा थांबली आणि मामी उतरल्या. हातात तेच पितळेचं पातेलं. त्यांनी मला विचारलंही नाही. सरळ स्वयंपाकघरात आल्या, पातेल्याला हळदकुंकू लावलं, दूध ओतलं आणि मला म्हणाल्या, "आतां तर राहावयास आलांत ना?"

आता नाही म्हणायला माझ्याकडे काहीच नव्हतं. मी गॅस पेटवला. नवरा आणि मुलगी दारात उभे राहिले. अण्णा बाहेरच्या खोलीत होते. त्यांची पिशवी मी मघाशीच बघितली होती, भरून, तोंड बांधून दाराशी ठेवलेली. मामी हात जोडून पुटपुटत होत्या. दुधावर साय धरली, काठाकाठाने बुडबुडे आले, साय मधोमध उचलली. मी बघत होते आणि मनात म्हणत होते, होऊ दे आता काय व्हायचं ते.

"बाळ."

अण्णा नवऱ्याच्या मागे येऊन उभे होते. ते माझ्याकडे बघत नव्हते, दुधाकडे बघत होते. दूध काठाला आलं होतं.

"उतू घालू नगंस," ते म्हणाले. आवाज अगदी बारीक होता, पाळी नसताना पाणी मागायला आलेल्या माणसासारखा. "ऱ्हाऊ दे ह्ये बी पालच. मग मला ऱ्हाता यील."

माझा हात बटणाकडे कधी गेला ते मला कळलं नाही. गॅस बंद झाला. काठावर आलेलं दूध तिथेच थांबलं आणि साय सुरकुतत खाली बसली. माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं, पण मी तोंड पातेल्यावरच ठेवलं. वाफेचं आहे असं कुणाला वाटलं तर वाटू दे. मामींनी दुधाकडे बघितलं, अण्णांकडे बघितलं, मग पदराने पातेल्याचा काठ पुसला, जिथे काहीच सांडलं नव्हतं. "सरी," त्या म्हणाल्या. "कॉफीची पूड कोठें आहे?"

तिकीट नवऱ्याने त्याच संध्याकाळी रद्द केलं. अण्णांनी गावाकडे फोन केला आणि सांगितलं की आजून नीट बस्तान न्हाई बसलं त्यांचं, तवर हाय मी.

याला आता तीन वर्षं होत आली. आमचं बस्तान अजून बसलेलं नाही. आईचा फोटो भिंतीवर लागला आहे, पुरणाचं यंत्र दर होळीला निघतं, पुढच्या बागेत तीन पाट आहेत आणि विटांची दारं आहेत. एक खोकं मात्र मी चिकटपट्टीसकट पलंगाखाली ठेवलं आहे. त्यात काय आहे ते मला आठवत नाही आणि मी बघतही नाही. किल्ली अण्णांच्या करदोट्याला आहे. अंघोळीनंतर ती वाजते तेव्हा मला ते घर आठवतं, मागची बोरं आता कुणाच्या हातात पडत असतील असं वाटतं, आणि पाणी सुटलं असेल का, असंही वाटतं. मी त्यांना विचारत नाही. विचारलं तर ते जातील अशी भीती वाटते. मामींकडे ते आठवड्यातून दोनदा जातात, विटा उचलायला. गावं अजून संपलेली नाहीत.

दूध तापवायला ठेवलं की मी उभी राहते. कधी मला काम असलं तर अण्णा उभे राहतात, हाताची घडी घालून, कालव्याच्या दारावर उभं राहावं तसे.

गेल्या महिन्यात मात्र घात झाला. अण्णा फिरायला गेले होते. मुलीच्या शाळेतून फोन आला, मी बोलत बोलत बाहेरच्या खोलीत गेले आणि परत आले तोवर दूध उतू जाऊन शेगडीभर झालं होतं. ओट्यावरून खाली फरशीवर थेंब पडत होते. मी घाबरले, अगदी लहानपणी आईची बरणी फोडल्यावर घाबरले होते तशी. फडकी आणली, सगळं पुसलं, शेगडी घासली, खिडक्या उघडल्या, पंखा लावला. पण करपलेल्या दुधाचा वास काही जातो का? तो पडद्यांत जाऊन बसला.

अण्णा आले. चपला काढल्या आणि उंबऱ्यातच थांबले. त्यांनी नाक जरासं वर केलं. मी स्वयंपाकघराच्या दारात हातात ओलं फडकं घेऊन उभी होते, आणि माझं लक्ष कोपऱ्यातल्या त्यांच्या पिशवीकडे गेलं. ती अजून तिथेच असते. त्यांचंही लक्ष तिकडे गेलं.

"कसला वास म्हनायचा ह्यो?" त्यांनी विचारलं.

मी ओलं फडकं पाठीमागे धरलं.

"भात लागला व्हय?" अण्णा म्हणाले.

"हो अण्णा," मी म्हटलं. "भात लागला."

"लागायचाच एकांद्या वक्ती," असं म्हणून ते हातपाय धुवायला गेले. मी पानं घेतली. भात पांढराशुभ्र, मोकळा झाला होता, एक शीत खाली लागलेलं नव्हतं. अण्णा खाली मान घालून जेवत राहिले. वाटीतली आमटी संपली, ताटातला भात संपला. माझं लक्ष मुलीच्या पानाकडे होतं. तेवढ्यात त्यांनी ताट माझ्याकडे सरकवलं.

"भात हाय का गं आजून?" त्यांनी विचारलं. "वाढ जरा."